फोडी मोजून, रस्सा मोकळा
२०१७ साली केंद्रीय अन्नमंत्री रामविलास पासवान यांना प्रश्न पडला होता: गिऱ्हाईक दोनच कोळंब्या खाणार असेल, तर हॉटेलवाल्याने सहा का वाढाव्यात? दिल्लीला हे उशिरा सुचलं. कडेगावकडच्या ढाब्यांनी मोजका आहार कधीच अमलात आणलाय. मटणथाळीत फोडी मोजून. एक जास्त मागितली तर मालक असा बघतो, की भूकच मरते. पुण्यातल्या आहारतज्ज्ञालाही हे जमायचं नाही. मोकळीक फक्त रश्श्याला. तो मागाल तितका, वर बोटभर तवंग. तेल कुणी मोजत नाही. ते बहुधा पालेभाजीत धरत असावेत.

भाकरीचं वेगळंच. २०२३ भरडधान्य वर्ष झालं आणि गरिबाची ज्वारी 'हेल्दी' ठरली. म्हणजे जाडी कमी, दर जास्त.

साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे कडेगावजवळच्या वांगीला, सोनहिरा साखर कारखान्याच्या सभासदाच्या घरी चहा घेताना म्हणून बघा. कपात आणखी एक चमचा पडतो, "घ्या ओ पावनं, घरचीच हाय!"