नाक, श्वास आणि आत्याबाई

बोधिवृक्षाखाली बसलेल्या सिद्धार्थाचं ध्यान मोडायला मार सगळं सैन्य घेऊन आला होता, असं बौद्ध कथेत सांगतात. माझं ध्यान मोडायला गॅस सिलिंडरचं बुकिंग पुरतं. पूर्वी मला वाटायचं, डोळे मिटले की आत काहीतरी प्रचंड दिसेल. दबलेली दुःखं, अपुरी स्वप्नं, गेला बाजार एखादा प्रकाश. दिसलं काय, तर सोसायटीच्या टाकीसफाईची वर्गणी, संपलेला कढीपत्ता आणि मधेच एका जुन्या साबणाच्या जाहिरातीचं गाणं, तेही सूर चुकलेलं. माझ्या मनात भव्य असं काहीच नाही, हा ध्यानात लागलेला पहिला शोध. पचायला जड गेला.

खरं तर प्राथमिक कृती इतकी लहान आहे, की तिच्यावर जाडजूड पुस्तकं कशी निघतात याचंच नवल. पाठ ताठ ठेवून बसा. श्वास येतोय, जातोय, तो बघा. ओढू नका, रोखू नका, लांबवू नका; तो प्राणायाम झाला, त्याचा वर्ग वेगळा. मन पळालं की परत आणा. झालं! इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर असतं, त्यात पहिले तीन दिवस एवढंच करायचं. पहाटे चारला घंटा, मोबाईल जमा, बोलणं बंद, वाचणं-लिहिणं बंद, रात्रीचं जेवण नाही. आणि काम काय, तर नाकपुड्यांपाशी श्वास कळतोय का ते बघायचं. याला आनापान म्हणतात. खरी विपश्यना सुरू होते चौथ्या दिवशी. माझी एक मैत्रीण जाऊन आली. दहाव्या दिवशी मौन सुटतं. तिचं त्या दिवशी जे सुटलं, ते अजून थांबलेलं नाही.

या प्रकारावर माझा विश्वास बसला तो एका वेगळ्याच कारणाने. हे शिबिर भारतात आणलं सत्यनारायण गोएंकांनी. जन्म मंडालेचा, धंद्याने व्यापारी, अर्धशिशीने इतके बेजार की देशोदेशीचे डॉक्टर पालथे घातलेले. 1955 साली ते ज्यांच्याकडे ध्यान शिकायला बसले, ते सयाजी ऊ बा खिन कुणी गुहेतले जटाधारी नव्हते. ते ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते! ऑफिसातल्या लोकांनाही त्यांनी ध्यानाला बसवलं होतं. माझं आयुष्य बँकेच्या कॅश काउंटरवर गेलेलं. हिशोब जुळेपर्यंत घरी जायचं नाही, चूक सापडली की चिडायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, हे शिकवायला अकाउंटंट जनरलपेक्षा लायक माणूस कोण असणार?

आता बसण्याविषयी. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसन कसं घालावं याचं तपशीलवार वर्णन आहे, पण माझ्या गुडघ्यांचे एक्स-रे बघून ते लिहिलेलं नाही. खुर्ची चालते. पाय जमिनीला टेकलेले हवेत आणि पाठ शक्यतो खुर्चीला टेकलेली नको. खुर्चीवर बसले की झोप येते, जमिनीवर बसले की मुंग्या येतात, आणि दोन्हीकडे बसल्याबरोबर नाकाच्या शेंड्याला खाज सुटते. लगेच खाजवायचं नाही असा नियम आहे. ती कुठे सुरू झाली, वाढली की ओसरली, ते शांतपणे पाहायचं. काही वेळाने ती आपोआप निघून जाते. खरोखरच जाते. पाठीवर जाते.

मन ठरत नसेल तर श्वास मोजा, असंही सांगतात. दहापर्यंत जायचं आणि पुन्हा एकवर यायचं. जिने नोटांची बंडलं मोजली तिला दहा आकड्यांचं काय कौतुक! पण तिसऱ्या श्वासाला मी मंडईत असते, पाचव्याला घासाघीस चाललेली असते, आणि भानावर येऊन बघते तर आकडा चौदा. अशा वेळी मनाशी भांडायचं नाही. नुसती ‘विचार’ अशी नोंद करायची आणि परत श्वासाकडे यायचं. मी पोटखाती उघडली: सोसायटी, स्वयंपाक, नातेवाईक. नातेवाइकांचं खातं उघडलं आणि आत आत्याबाई भेटल्या.

आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाईंच्या नणंद. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या होळीला, भरल्या पंगतीत, पुरणपोळीचा तुकडा मोडून त्या म्हणाल्या होत्या, “पोळी सुरेख आहे हो. पुरण कुठे ठेवलंयस?” तेव्हा मला काही सुचलं नव्हतं. सुचलं ते इतक्या वर्षांनी, आनापान करताना. ‘आत्याबाई, पुरण आतच आहे. ते तुमच्यासारखं बाहेर येऊन बोलत नाही.’ विचार आला की सोडून द्यायचा असतो. सोडला. फक्त त्याआधी उठून कागदावर लिहून तो मिसळणाच्या डब्याखाली ठेवला.

बसून जमत नसेल तर खाताना सराव करा, असाही एक मार्ग आहे. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये, जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी अभ्यासक्रम काढला. त्यात एक बेदाणा घेतात. त्याच्या सुरकुत्या पाहायच्या, वास घ्यायचा, कानाशी चोळून आवाज ऐकायचा, जिभेवर ठेवायचा आणि मग सावकाश चावायचा. मी डायनिंग टेबलाशी बेदाण्याचा आवाज ऐकत असताना सासूबाई जप करत होत्या. उजवा हात गोमुखीत, ओठ हलताहेत, पण दूध वर आल्याचं त्यांना नेहमी माझ्याआधी कळतं. जपाच्या मधेच “गॅस!” एवढं म्हणतात आणि पुढचा मणी ओढतात. त्या दिवशी त्यांनी हात थांबवला.

“अगं, एका बेदाण्याला एवढा वेळ? शिरा करायचा झाला तर आज कुणी जेवणार नाही.”

यंदाच्या होळीला आत्याबाई आल्या. पहिला घास घेतला, पंगतीवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, “हल्ली पुरण सापडतं हो हिच्या पोळीत.” मी तोंड उघडलं. पण सवय वाईट. आधी श्वास आखूड झाल्याचं कळलं. मग नाकपुड्या गरम, कान गरम, मान आवळलेली. ‘राग’ अशी नोंद झाली. तो चढला, जरा थांबला, उतरायलाही लागला, आणि हे सगळं मी इतका रस घेऊन पाहत बसले, की तोवर आत्याबाई तूप वाढून घेऊन कटाच्या आमटीवर पोहोचल्या होत्या. तिथेही त्यांना काहीतरी म्हणायचं होतंच.

पाहुणे गेल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. गोमुखी हातात होती, जप बंद होता.

“इतके दिवस नाक धरून बसलीस ना? मग ऐनवेळी तोंडाला काय झालं?”

“आई, तो राग फक्त पाहायचा असतो.”

“तू पाहा. डब्याखालचा कागद मी केव्हाच वाचलाय. पाडव्याला येणारच आहे ती. दे तो इकडे, मी बोलते.”