पांढऱ्या पायाचं गिऱ्हाईक

साठीनंतर माणसाने प्रेमात पडू नये, आणि पडलाच तर निदान प्लास्टिकच्या बाटलीच्या तरी पडू नये. मी पडलो. हे सांगताना मला लाज वाटत नाही, कारण लाज वाटण्यासारख्या गोष्टी अजून पुढे यायच्या आहेत.

सुरुवात नेहमीप्रमाणे रक्ताच्या रिपोर्टपासून झाली. साखर जरा वर, वजन बरंच वर आणि डॉक्टरांच्या भुवया त्या दोन्हींच्या वर. "जेवणाआधी वाडगाभर सॅलड खात जा," ते म्हणाले. डॉक्टरांचा शब्द आमच्याकडे ताबडतोब अमलात येतो, विशेषतः तो माझ्याविरुद्ध असला की. त्याच रात्री काकडी, गाजर, कोबी आणि मुळ्याचा असा काही ढीग माझ्यापुढे आला की मला आजोळचा गोठा आठवला. तिथेही गव्हाणीत असंच घालायचे. फरक एवढाच, की म्हशीला कुणी "बत्तीस वेळा चावून खा" म्हणत नसे.

तेवढ्यात दिवाळी आली आणि दिवाळीला लेक आली. माझा चेहरा आणि समोरचा वाडगा पाहून तिचं मन द्रवलं. "बाबा, हे असं कोरडं काय खाता?" म्हणत तिने सुपरमार्केटातून एक बाटली आणली. मध आणि मोहरीचं ड्रेसिंग. रंग गोंड्याच्या फुलाचा, झाकण खालच्या बाजूला, त्यामुळे बाटली कायम शीर्षासनात. तिचं पोट दाबलं की "फुर्र" असा आवाज व्हायचा आणि पाहुणे आले असतील तर सगळे माझ्याकडे बघायचे. पण चव! आधी गोड, मग आंबट, आणि आता संपलं म्हणेपर्यंत मागून मोहरीचा एक हलका चिमटा, जसा लग्नाच्या पंगतीत मेव्हणीने काढावा.

पंधरा दिवसांत ते ड्रेसिंग सॅलडवरून पोळीवर आलं, पोळीवरून थालीपिठावर, थालीपिठावरून घावनावर, आणि एकादशीला मी ते साबुदाण्याच्या खिचडीवरही पिळलं. "अहो, मोहरी उपासाला चालत नाही," हिने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं तेव्हा माझी खिचडी संपली होती. उपासही.

तीन महिन्यांनी वजनकाट्यावर उभा राहिलो तर काटा तीन किलो पुढे. डॉक्टर चक्रावले. सॅलड खाऊन वजन वाढलेला त्यांच्या कारकिर्दीतला मी पहिलाच रुग्ण असावा. त्यांनी बाटली मागवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि लेबल वाचलं. पाकिटावर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे, असा आपल्याकडे नियमच आहे. पहिल्या क्रमांकावर तेल, दुसऱ्यावर पाणी, तिसऱ्यावर साखर. ज्यांच्या नावावर हा सगळा समारंभ चालला होता ते मध आणि मोहरी कुठे, तर लग्नपत्रिकेत "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" म्हणणारी चिमुरडी जिथे असतात तिथे, अगदी तळाशी. "हे कमी करा," डॉक्टर म्हणाले.

मी सॅलड कमी केलं.

आणि मग एका सोमवारी सुपरमार्केटात गेलो तर फळीवरच्या तिच्या जागी पेरी-पेरीच्या लालभडक बाटल्या उभ्या. घरी यावं आणि आपल्या खुर्चीत अनोळखी माणूस पेपर वाचत बसलेला दिसावा, तसं झालं. मी तिथल्या मुलाला गाठलं.

"काका, तो आयटम बंद झाला. मूव्हमेंट नव्हती."

"मूव्हमेंट नव्हती म्हणजे? मी दर सोमवारी येऊन नेतो ना!"

"तुमचीच होती काका," तो शांतपणे म्हणाला. "बाकी कुणाची नव्हती."

पुण्यात एखादी गोष्ट एका दुकानात नाही याचा अर्थ ती दुसऱ्या दुकानात त्याहून उद्धटपणे नाही, हे चाळीस वर्षं या शहरात काढूनही मला उमजलं नव्हतं. कोथरूड झालं, डेक्कन झालं, लक्ष्मी रोडवर गर्दीत चेंगरून झालं, रिक्षाने कॅम्पात जाऊन आलो; त्या एका फेरीच्या भाड्यात दोन बाटल्या आल्या असत्या, असत्या तर. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याने मोहरीची पुडी आणि मधाची बाटली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "दोघं आहेत काका. घरी जाऊन लावा लग्न." शेवटचा उपाय म्हणून एका औषधाच्या दुकानात शिरलो, कारण हल्ली तिथे बिस्किटांपासून छत्रीपर्यंत काहीही मिळतं. "ड्रेसिंग आहे का?" मी विचारलं. त्याने मला नखशिखांत न्याहाळलं. "जखम कुठे आहे?" आता याला काय सांगणार? मागे चार माणसं उभी होती, रिकाम्या हाताने बाहेर पडणं बरं दिसेना, म्हणून गॉजच्या दोन पट्ट्या आणि चिकटपट्टी घेऊन आलो.

ती खरेदी वाया गेली नाही. घरी शेवटची बाटली तळाला गेली होती. आधी मी ती पाणी घालून खळखळवली, मग तिला पिळली, आणि शेवटी आतल्या बाजूला चिकटलेला तो पिवळा थर डोळ्यांना दिसतो आणि जिभेला मिळत नाही हे सहन न होऊन विळी घेतली. गोल, तेलकट बाटली विळीवर उभी धरून कापू नये, हे मी आता अधिकाराने सांगू शकतो. अंगठ्याला ड्रेसिंग करताना ही एवढंच म्हणाली, "मिळालं का शेवटी?"

आता घरीच करायचं ठरवलं. ज्या माणसाने आजवर चहाचं पाणीही दोनदा करपवलं आहे (हो, पाणी), त्याने हा निर्णय घेतला यातच सगळं आलं. मोहरी चांगली भिजावी म्हणून मी ती उकळत्या पाण्यात घातली आणि वाटली. जे झालं ते निव्वळ कडू होतं. झणका नावालाही नाही. मग दुसऱ्यांदा गार पाणी घातलं, मिक्सर दोन मिनिटं फिरवला आणि रंग कसा आलाय ते बघायला झाकण उघडून नाक आत घातलं.

त्यानंतरची पाच मिनिटं मला नीटशी आठवत नाहीत. डोळ्यांपुढे आधी काजवे चमकले, मग दिवंगत आत्या आली, आणि मी स्वयंपाकघरात गोल फिरत "खिडकी, खिडकी" म्हणत फ्रीज उघडत होतो. भानावर आल्यावर हिने मला जे समजावलं ते असं, की मोहरीच्या अख्ख्या दाण्यात झणका नसतोच. दाणा फुटला आणि गार पाणी मिळालं की आतली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि तो तेव्हा जन्माला येतो. उकळतं पाणी घातलंत तर जन्माआधीच खेळ खलास. शिवाय बाटलीतली मोहरी बहुधा पिवळी, तिचा तिखटपणा जिभेपुरता. आपली काळी थेट टाळूत चढते. "हे तुला कुठे कळलं?" मी नाक पुसत विचारलं. "सासूबाईंकडून," ती म्हणाली. "कैरीच्या लोणच्याची मोहरी फेसताना. तुम्ही तेव्हा पेपर वाचत होतात."

मग तिने वाटीत चमचाभर मोहरीची पूड घेतली, गार पाण्याचे चार थेंब टाकले आणि चमच्याने एकाच दिशेने फेसत राहिली. पूड आधी चिखलासारखी, मग लोण्यासारखी, मग फिकट, हलकी आणि फुगलेली. त्यात लिंबू, मध, मीठ, अगदी धार धरल्याइतकं तेल. काकडीवर ओतलं. मी एक घास खाल्ला आणि डोळ्यांत पाणी आलं. थोडं मोहरीने, बरंचसं पश्चात्तापाने. "याला म्हणतात तरी काय?" "रायतं," ती म्हणाली. "राईचं म्हणून रायतं. गेली बत्तीस वर्षं तुम्ही हे ताटात डावीकडे तसंच सोडून उठता."

इथे ही गोष्ट संपायला हवी होती, पण रविवारी भाचा आला. तो मार्केटिंगमध्ये आहे. माझं दुःख ऐकून तो हसला नाही, उलट गंभीर झाला, आणि तेव्हाच मला धोका कळायला हवा होता. "मामा, तुमच्यासारख्यांवर संशोधन झालंय," तो म्हणाला. २०१५ मध्ये 'जर्नल ऑफ मार्केटिंग रिसर्च'मध्ये अँडरसन, लिन, सिमेस्टर आणि टकर या चौघांनी एक निबंध लिहिला. दुकानांच्या एका साखळीतल्या गिऱ्हाइकांच्या खरेदीच्या नोंदी तपासल्या तर त्यांना काही माणसं अशी सापडली, की ती जी नवी वस्तू उचलतात ती पुढे बुडण्याचा संभव जास्त असतो. त्यांना नाव दिलं 'हार्बिंजर्स ऑफ फेल्युअर', म्हणजे अपयशाचे अग्रदूत. आणि अशा माणसाने तीच वस्तू पुन्हा पुन्हा नेली तर ती बुडण्याचा संभव आणखी वाढतो.

म्हणजे दर सोमवारी मी बाटली नेत नव्हतो. खांदा देत होतो.

रात्री झोप लागेना. सगळा पूर्वेतिहास डोळ्यांपुढून सरकू लागला. तरुणपणी अख्खी गँग थम्स अप प्यायची, काहीजण लिम्का, मी एकटा गोल्ड स्पॉट. १९९३ मध्ये तिन्ही पेयं एकत्रच कोका-कोलाकडे गेली. थम्स अप राहिलं, लिम्का राहिलं. गेलं कोण? पहिल्या पगारातून घेतलेलं चावीचं घड्याळ एचएमटीचं. तो घड्याळ कारखाना बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला. स्कूटर चेतक, सकाळी तिला उजवीकडे कलती करायची, कानात दोन गोड शब्द बोलायचे, मग किक. २००९ मध्ये बजाजने स्कूटर करणंच थांबवत असल्याचं जाहीर केलं. पुढे चेतक परत आली, पण विजेवर चालणारी, चकार आवाज न करता, भांडण झालेल्या चुलतभावाने बारशाला यावं तशी. जुन्या लोकांकडे यासाठी इंग्रजी निबंध नव्हता, पण शब्द होता. पांढऱ्या पायाचा.

या संशोधनाने माझा एक फायदा मात्र झाला. परवा पुन्हा रायतं झालं, या वेळी केळ्याचं, आणि ते इतकं सुरेख झालं होतं की मी वाटी बोटाने पुसून खाल्ली. "कसं झालंय?" हिने विचारलं. जिभेवर आलेलं सगळं कौतुक मी निग्रहाने गिळलं, कारण मला ही वस्तू बंद पडायला नको आहे.

"ठीक आहे," मी म्हणालो.

बत्तीस वर्षं मी हेच उत्तर देत आलो आहे. त्यामागे शास्त्र होतं हे आत्ता कळलं. हिला ते अजून पटलेलं नाही.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. तुमच्या आसपास एखादी वस्तू असेल, पहाटे पाचला वाजणारा शेजाऱ्याचा भोंगा म्हणा किंवा चीज घातलेली पुरणपोळी म्हणा, जी बाजारातून कायमची उठावी असं तुम्हाला मनापासून वाटतं, तर मला नाव कळवा. मी ती आवडून घेईन. दर सोमवारी एक.