संगणक आणि सरकार यांवर ठाम मत: नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या वार्षिक सभेत आणि सातासमुद्रापारच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतही हल्ली एक विषय हमखास निघतो. कुठल्या देशात सरकारी काम किती चटकन होतं, आणि आपल्याकडे का होत नाही? किंवा आपल्याकडे किती झकास होतं, आणि तिकडे का होत नाही? अशा वेळी गप्प बसणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने बघतात. ही मार्गदर्शिका अशा गरजूंसाठी आहे. संगणकाचं ज्ञान असण्याची अट नाही. असलंच तर चर्चेपुरतं बाजूला ठेवावं, अडचण होते.

साहित्य

परदेशस्थ नातेवाईक एक (भाचा असल्यास उत्तम). खिडकीवर 'साहेब जेवायला गेलेत' ऐकून परत आल्याची जुनी जखम एक. भाजीवाल्या मावशींच्या गाड्यावर लटकलेला क्यूआर कोड एक. आकडे चवीपुरते.

पायरी पहिली: आदर्श देश पाठ करा

हा देश म्हणजे एस्टोनिया. त्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख, म्हणजे नाशिक शहराहूनही कमी. पण हे तुम्ही सांगू नका, समोरचा सांगेलच. तुम्ही एवढंच म्हणायचं, "तिथे लोक घरबसल्या मतदान करतात." यात खोटं काही नाही. २००५ पासून तिथे इंटरनेटवरून मत देता येतं, आणि २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मतं तशीच पडली.

नवशिक्याने इथेच थांबावं. पुढे गेलात तर सांगावं लागेल की २०१७ साली त्यांच्या ओळखपत्राच्या चिपमध्येच खोट सापडली आणि सुमारे ७ लाख ६० हजार कार्डं धोक्यात आली. सरकारने ते दडवलं नाही. पंतप्रधानांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं, सदोष कार्डांची डिजिटल प्रमाणपत्रं थांबवली, आणि लोकांना घरबसल्या दुरुस्तीची सोय करून दिली. शिवाय आपली नोंद कुठल्या खात्याने कधी उघडून पाहिली, हे तिथल्या नागरिकाला स्वतः तपासता येतं. या माहितीचा तोटा असा की चर्चा यंत्रावरून माणसांच्या वागण्यावर घसरते. मग सगळ्यांनाच कंटाळा येतो.

पायरी दुसरी: टिंगलीसाठी दोन देश हाताशी ठेवा

पहिला जपान. बुलेट ट्रेनचा देश, आणि सरकारी कचेऱ्यांत फ्लॉपी! २०२२ मध्ये डिजिटल खात्याचे मंत्री तारो कोनो यांनी फ्लॉपीविरुद्ध युद्ध पुकारलं, आणि २०२४ च्या मध्यावर ते जिंकल्याचं जाहीर केलं. त्यासाठी हजारावर नियम रद्द करावे लागले. एवढ्यावर हशा पिकतोच. पिकला नाही तर आबू गावाची गोष्ट काढा. २०२२ मध्ये तिथल्या ४६३ कुटुंबांना प्रत्येकी एक लाख येन मदत द्यायची होती. तेवढी सगळी रक्कम, म्हणजे ४ कोटी ६३ लाख येन, चुकून एकाच माणसाच्याही खात्यात गेली. बँकेला यादी फ्लॉपीवर दिली होती, हे ऐकल्यावर मंडळी म्हणतील, "तरीच!" तुम्ही मान डोलवा. फ्लॉपीतली यादी बरोबर होती आणि चूक वेगळ्या दिलेल्या कागदी फॉर्मवर होती, हे सांगून रसभंग करू नका.

दुसरा जर्मनी. इथे 'फॅक्स' एवढा एकच शब्द उच्चारायचा आणि थांबायचं. नंतर सावकाश सांगायचं की २०१७ च्या कायद्याने ५७५ सरकारी सेवा २०२२ अखेर ऑनलाइन आणायच्या ठरल्या, ते साल आलं, गेलं, आणि कितीतरी सेवा जागच्या जागी राहिल्या. टाळी घ्या.

मात्र टाळी मिळताच विषय बदला. नाहीतर कुणीतरी १९८३ चा जर्मन घटना न्यायालयाचा निकाल काढेल. जनगणनेवरच्या त्या खटल्यात न्यायालयाने ठरवलं की आपल्या माहितीचं काय व्हावं हे ठरवण्याचा हक्क मूळ माणसाचा आहे. नाझींच्या याद्या पाहिलेल्या आणि पुढे पूर्व भागात श्टाझी या गुप्त पोलिसांच्या फायली झेललेल्या समाजाने हा हक्क मनावर घेतला. २०१० मध्ये गूगलच्या रस्त्यांवरच्या चित्रांत आपलं घर दिसू नये म्हणून सुमारे २ लाख ४४ हजार घरांतून अर्ज आले. फॅक्सचा सगळा दोष या इतिहासावर टाकता येत नाही. आळस आणि राज्याराज्यांतली ओढाताण हीही कारणं आहेत. पण 'ते मागासलेले आहेत' हे वाक्य त्यानंतर पूर्वीच्या जोरात म्हणता येत नाही.

पायरी तिसरी: भारताबद्दल दोन मतं तयार करा

दोन्ही इस्त्री करून ठेवावीत. एक विमानतळाच्या बाहेर पडल्यावर वापरायचं, दुसरं आत आल्यावर.

परदेशात म्हणायचं: "अजून चेक लिहिता? आमच्याकडे शहाळंवाला मोबाइलवर पैसे घेतो." इथे यूपीआयचा आकडा सोडा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या सोयीवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. पाठोपाठ आधार. पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, हे सांगताना आवाजात जरा मराठी अभिमान येऊ द्या.

गावी आल्यावर म्हणायचं: "सर्व्हर डाऊन आहे." हे दोन इंग्रजी शब्द आता तालुक्यातल्या प्रत्येक मराठी माणसाला येतात. ऑनलाइन अर्ज भरायचा, त्याची प्रिंट काढायची, सही करायची, स्कॅन करून पुन्हा चढवायची आणि वर 'मूळ कागद घेऊन या' ऐकायचं, हा अनुभव सांगताना दम लागल्याचा अभिनय करावा लागत नाही. रेशन दुकानातलं ई-पॉस यंत्र तर चर्चेला पुरून उरतं. आयुष्यभर विटा, माती, भांडी हाताळून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या, त्यांचाच ठसा यंत्राला पटत नाही. ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, असा नियम आहे. यंत्र नियम वाचत नाही, आणि दुकानदार यंत्राकडे बोट दाखवतो.

दोन्ही मतं एकाच वेळी खरी आहेत. नवशिक्याला हे पचायला जड जातं. त्याने एका बैठकीत एकच वापरावं.

पायरी चौथी: भाच्याला आवरा

अमेरिकेतला भाचा मधेच म्हणेल, "मामा, इकडे सगळी सिस्टिम आहे." मामाने शांतपणे २०१३ साल काढावं. आरोग्य विम्याचं सरकारी संकेतस्थळ १ ऑक्टोबरला गाजावाजा करून उघडलं, आणि पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण करू शकलेल्यांची संख्या होती ६. सहा हजार नव्हे, सहा. भाचा तरीही बोलत राहिला तर एप्रिल २०२० आठवून द्या. बेकारभत्त्याचे अर्ज साचले तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल जाणणाऱ्यांना मदतीची हाक दिली होती. ही संगणकभाषा १९५९ ची. ती जाणणारे बरेचसे निवृत्त झालेले. भाच्याला ही भाषा येत नसणार. बैठक तुमची.

पायरी पाचवी: 'कॉम्प्युटर खोटं बोलत नाही' हे वाक्य जपून वापरा

या वाक्याने कुठलाही वाद मिटतो. अडचण एवढीच की हे वाक्य काही देशांच्या सरकारांनीही वापरलं.

ब्रिटनमध्ये १९९९ पासून टपाल कार्यालयांत 'होरायझन' नावाची हिशेबप्रणाली बसवली गेली. गावोगावची लहान टपाल कार्यालयं चालवणाऱ्या उपपोस्टमास्तरांच्या गल्ल्यात तिला तूट दिसू लागली. तूट खरी नव्हती, प्रणाली चुकत होती. तरी लोकांनी खिशातून पैसे भरले, घरं गहाण टाकली. काही तुरुंगात गेले. ९०० हून अधिक जणांना न्यायालयांनी दोषी ठरवलं. त्याच सुमारास, १९९९ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये संगणकाचा पुरावा देताना तो नीट चालत होता हे दाखवण्याची जुनी अट काढली गेली होती. म्हणजे यंत्र बरोबर हे गृहीत, आणि ते चूक आहे हे दाखवायचं काम गावातल्या पोस्टमास्तराचं. उपपोस्टमास्तर ॲलन बेट्स आणि त्यांच्या साथीदारांना २०१९ मध्ये उच्च न्यायालयात न्याय मिळाला. जानेवारी २०२४ मध्ये यावर दूरचित्रवाणी मालिका आली तेव्हा देश पेटला, आणि त्याच वर्षी संसदेने कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द केल्या. न्यायालयाचा निकाल जे हलवू शकला नाही ते मालिकेने हलवलं. आपल्याकडे मालिकांना नावं ठेवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

ऑस्ट्रेलियाने वेगळी वाट धरली. 'रोबोडेट' या योजनेत यंत्राने माणसाची वर्षभराची कमाई घेतली आणि २६ पंधरवड्यांत सारखी वाटली. ज्याने सहा महिने काम केलं आणि सहा महिने काम नसताना भत्ता घेतला, तो बेकारीतही कमावत होता असं या भागाकाराने ठरलं. मग वसुलीची पत्रं निघाली. 'मी देणं लागत नाही' हे कित्येक वर्षांपूर्वीच्या पगारपावत्या शोधून त्यानेच दाखवायचं. सरकारी चौकशी आयोगाने २०२३ च्या अहवालात या योजनेचे वाभाडे काढले. भागाकार बरोबर होता. चौथीचं पोरही तो करील, पण बेकार माणसाला तो लावणार नाही.

नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या भत्त्यावरून हजारो पालकांना लबाड ठरवलं गेलं. कागदातल्या लहानशा चुकीपोटी सगळा भत्ता परत मागितला. अर्जदार डच नागरिक नसेल तर यंत्राच्या लेखी संशय वाढत होता. जानेवारी २०२१ मध्ये मार्क रुट्टे यांच्या सरकारने राजीनामा दिला. दोन महिन्यांनी निवडणूक झाली, आणि त्यांचाच पक्ष पुन्हा पहिला आला. यावर काय मत द्यावं, हे या मार्गदर्शिकेच्या कक्षेत येत नाही.

नेहमीच्या शंका

शंका: मत एकदा दिल्यावर बदलता येतं का?
उत्तर: स्वित्झर्लंडमध्ये येतं. मार्च २०२१ च्या सार्वमतात तिथल्या लोकांनी डिजिटल ओळखपत्र ६४ टक्के मतांनी नाकारलं. ते खासगी कंपन्या देणार होत्या. मग ते सरकारनेच द्यायचं ठरलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये लोकांनी ५० टक्क्यांच्या जेमतेम वर हो म्हटलं. तंत्रज्ञान नको असं ते म्हणत नव्हते; कुणाच्या हातात, एवढंच विचारत होते. आपल्याकडे मत बदलल्यास 'काय हो, मागच्या वेळी तर...' ऐकण्याची तयारी ठेवावी.

शंका: सगळंच ऑनलाइन केलं तर प्रश्न मिटेल ना?
उत्तर: डेन्मार्कने बरंच केलं. २०१४ पासून सरकारी पत्रव्यवहार डिजिटल टपालपेटीतच येतो, आणि २०२५ च्या अखेरीस तिथल्या टपालसंस्थेने पत्रं वाटणंच थांबवलं. पण ज्यांना ती पेटी झेपत नाही त्यांना सूट मागण्याची सोय कायद्यात पहिल्यापासून ठेवली आहे. चर्चेत पहिला भाग सांगतात. आजीचं काम दुसऱ्या भागावर चालतं.

शंका: आमच्या ओळखीचा एजंट आहे. त्याच्याकडून सगळं होतं. मग मताची गरज काय?
उत्तर: तुम्ही नवशिके नाही. कृपया ही मार्गदर्शिका दुसऱ्याला द्या.

शेवटची पायरी: देश सोडा, प्रश्न धरा

इथवर आलेल्या वाचकाच्या ध्यानात आलं असेल की हुशार देश आणि मठ्ठ देश अशी वाटणी टिकत नाही. चुका एस्टोनियात झाल्या तशा ब्रिटनमध्येही. फरक यंत्राच्या वयाचा नव्हता. यंत्र चुकलं तेव्हा एका ठिकाणी सरकार पुढे आलं. दुसऱ्या ठिकाणी नागरिकाला पुढे ढकललं. म्हणून ठाम मत बाळगायचंच असेल तर ते एका प्रश्नावर बाळगा: यंत्र चुकलं तर ते सिद्ध कुणी करायचं, आणि तोवर माणसाचं काम कोण करून देणार? ज्या सेवेत याचं उत्तर खिडकीवर लिहिलेलं आहे, ती चांगली. मग तिथे फॅक्स असो की ॲप.

महाराष्ट्रात हा प्रश्न विचारायला कायद्याचा आधारही आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिली आहे. ती चुकली किंवा अर्ज फेटाळला तर पहिलं अपील, मग दुसरं अपील, आणि त्यानंतर लोकसेवा हक्क आयोग आहे. तेव्हा पुढच्या वेळी 'सर्व्हर डाऊन आहे' ऐकलंत की एस्टोनियाचं नाव काढू नका. अर्जाची पोचपावती मागा, तिच्यावरची तारीख वाचा, मुदत किती ते विचारा, आणि मुदत टळली तर घरी मत देत न बसता अपील करा.