मान्यवरांसाठी काही नम्र सूचना

विषय : विशेष शाळेस भेट देण्याबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून सर्व मान्यवर, देणगीदार, मंडळांचे अध्यक्ष-अध्यक्षा आणि ज्यांचा वाढदिवस जवळ आला आहे अशा सर्वांना कळविण्यात येते की, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या आमच्या शाळेत पाहुण्यांचे स्वागतच आहे. मात्र पाहुणा होणे हे एक कौशल्य असून इतर कोणत्याही कौशल्याप्रमाणे तेही लहान-लहान पायऱ्यांनी शिकवता येते, असा या शिक्षिकेचा अनुभव आहे. ज्यांना पुढील सगळ्या सूचना एकदम जमणार नाहीत त्यांनी एकेक घ्यावी. आमच्याकडे कुणालाच घाई नसते.

कधी यावे?

पाहुण्यांचे मुख्य हंगाम दोन. पहिला पितृपक्षाचा. या पंधरवड्यात कुणाच्या ना कुणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ शाळेत रोज जिलेबी येते. दिवंगतांविषयी पूर्ण आदर आहे. पण डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत थायरॉइडच्या तक्रारी बऱ्याच असतात, वजन भराभर वाढतं, आणि आम्ही जूनपासून मैदानाला फेऱ्या मारायला लावून जे काही उतरवलेलं असतं ते सर्वपित्रीपर्यंत व्यवस्थित परत येतं. दुसरा हंगाम ३ डिसेंबरचा. हा दिव्यांग दिन संयुक्त राष्ट्रांनी १९९२ साली ठरवून दिला. त्या दिवशी आमच्याकडे सकाळी फेरी, मग सत्कार, मग दुसऱ्या मंडळाचा सत्कार, मग चित्रकला स्पर्धा. मुलं इस्त्रीच्या कपड्यांत दुपारपर्यंत सुकून जातात. ४ डिसेंबरला शाळेत चिटपाखरू फिरकत नाही.

तेव्हा विनंती अशी की, एखाद्या साध्या मंगळवारी यावं. मंगळवारी मोठ्या मुलांचा भाजी निवडण्याचा तास असतो. मेथीची जुडी सोडवायला बसलात तर गप्पाही होतील आणि मेथीही संपेल.

काय आणावे?

फळं आणावीत. केळी उत्तम. पण केळं सोलून देऊ नये! ही सूचना मोठ्या अक्षरात लिहून फाटकावर लावायचा माझा विचार आहे. आमच्या प्राथमिक गटातल्या एका मुलीच्या वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रमात ‘केळे सोलणे’ हे उद्दिष्ट आहे. त्याचे टप्पे पाडलेले आहेत: देठ धरणे, देठ मोडणे, पहिली साल खाली ओढणे, आणि असंच पुढे. पहिल्या दिवशी बाईंनी सगळं सोलायचं, फक्त शेवटची साल तिच्यासाठी ठेवायची. ती तिने ओढली की केळं तिने सोललं! मग हळूहळू शेवटून दुसरी सालही तिच्याकडे. अशी ही शिकवणी शेवटाकडून सुरुवातीकडे चालते. यात युक्ती एवढीच की काम पूर्ण झाल्याचा आनंद आणि लगेच मिळणारं केळं हे रोज तिच्याच वाट्याला येतं. हे सगळं महिनोन्‌महिने चालून ती देठापर्यंत पोचलेली असते, आणि तेवढ्यात एक प्रेमळ मावशी येतात, ‘अगं बाई, सोलता येत नाही का माझ्या सोन्याला?’ म्हणतात आणि अर्ध्या मिनिटात सोललेलं केळं तिच्या तोंडात. सोनं बेरकी आहे. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे केळं पुढे करून मावशीसारखंच तोंड करतं.

फुगे आणू नयेत. फुटतात.

काय विचारावे?

‘तुझं नाव काय?’ सोडून काहीही. एकाच सकाळी एकामागून एक पाहुण्यांना नाव सांगून वैतागलेली आमची एक मुलगी पुढच्याला म्हणाली होती, ‘बाईंना ठाऊक आहे, त्यांना विचारा.’ जेवलास का, डब्यात काय होतं, कुणाशी भांडलीस, कुठली मालिका बघतेस, असं काहीही चालेल. एक प्रश्न विचारावा आणि गप्प राहून मनातल्या मनात दहा आकडे मोजावेत. बहुतेक पाहुणे तीनपर्यंत पोचतात आणि तोच प्रश्न जास्त मोठ्या आवाजात विचारतात. आमच्या मुलांना ऐकू येतं. उत्तर आतून निघालेलं असतं, वाटेत असतं. तुम्ही पुन्हा विचारलंत की ते बिचारं मागे फिरून पहिल्यापासून निघतं.

मूल समोर उभं असताना बाईंकडे वळून ‘याला कळतं का हो?’ असं विचारू नये. एका सद्गृहस्थांनी विचारलं तेव्हा त्या मुलाने त्यांच्याकडे बोट दाखवून मला विचारलं, ‘यांना?’ मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले.

वय पाहून बोलावे.

आमच्या पूर्व-व्यावसायिक गटातल्या पोरांना मिशा आहेत. त्यांना ‘बाळा’ म्हणून चॉकलेट पुढे करणाऱ्या पाहुण्यांची आम्हालाच लाज वाटते. एका पोराला आम्ही दाढी करायला शिकवली. आरशासमोर उभं राहून फेस लावायचा, गालाचा एक पट्टा काढायचा, पुसायचा, दुसरा काढायचा. हनुवटीशी तो अजून अडतो. तिथे मीही त्याच्याबरोबर श्वास रोखून उभी असते. त्याला एका बाईंनी ‘किती गोड बाळ’ म्हटल्यावर त्याने शर्टाची कॉलर खाली ओढून मानेवरची ताजी जखम दाखवली. पुराव्यादाखल.

मिठ्या मारू नयेत.

हे वाचून काहींना वाईट वाटेल. आमची काही मुलं मिठीला सदैव तयार असतात, हे खरंच. पण सहा वर्षांचं पोर येईल त्याच्या गळ्यात पडतं तेव्हा सगळे ‘आहाहा’ म्हणतात, आणि तेच पोर सतरा वर्षांचं होऊन बसमधल्या अनोळखी बाईच्या गळ्यात पडतं तेव्हा मार खातं. शिवाय जो कुणाच्याही मिठीत जातो त्याला कुणीही फसवू शकतं. म्हणून आम्ही शिकवतो: घरच्यांना मिठी, ओळखीच्यांना हात, अनोळखी माणसाला लांबून नमस्कार. हे घोटायला वर्षं जातात. आणि मग कार्यक्रमात एक मान्यवर फोटोसाठी पोराला ओढून छातीशी धरतात. त्यांच्या ओळखीचं नसलेलं ते पोर गोंधळून माझ्याकडे बघतं. आता मी काय सांगणार, फोटोपुरते हे काका घरचे धर?

मात्र आमचा एक पठ्ठ्या पक्का निघाला. प्रमुख पाहुण्यांनी हात पसरले तर हा तीन पावलं मागे सरला, टाचा जुळवल्या आणि त्याने असा नमस्कार ठोकला की फोटोग्राफर हळहळला. परतताना दारात शाळेचे रिक्षावाले काका दिसले. त्यांना कडकडून मिठी. रोज घरापासून नेणारे-आणणारे काका घरचेच, असा निकाल त्याने स्वतःच दिलेला आहे आणि त्यावर माझ्याकडे अपील नाही.

फोटो आई-वडिलांच्या लेखी परवानगीशिवाय काढू नयेत.

भाषण.

करू नये. करायचंच असेल तर पुढील घटना ध्यानात ठेवावी. आमची शाळा एसटी स्टँडच्या मागे आहे. आमच्या एका विद्यार्थ्याला स्टँडवरच्या सगळ्या घोषणा मुखोद्गत आहेत, कर्ण्याच्या खरखरीसकट. एकदा पाहुणे ‘ही तर देवाघरची फुलं’ या मुद्द्यावर आले होते. आमच्याकडे येणारा प्रत्येक वक्ता या मुद्द्यावर येतोच, फक्त कोण किती मिनिटांनी येतो एवढाच फरक. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला: ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे! सांगली-स्वारगेट, मार्गे कराड, सातारा, फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे.’ पाहुणे थांबले, हसले, पुन्हा फुलांकडे वळले. घोषणा पुन्हा झाली. या वेळी ‘प्रवाशांनी त्वरित बसून घ्यावे’ अशी पुरवणीही होती.

काही जणांना ही निरर्थक बडबड वाटते. तसं नसतं. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणणं ही स्वमग्न मुलांची बोलण्याची एक रीत असते, आणि बाईंचं काम ते कधी म्हटलं जातं हे टिपून ठेवायचं. आमच्या या मुलाची स्वारगेट गाडी लागली की त्याचा अर्थ ‘मला आता इथून जायचंय’. दुपारी शाळा सुटायच्या वेळी ती लागते, दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसवलं की लागते. भाषणात ती दुसऱ्या मिनिटाला लागली होती. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझीही लागली होती, पण मला शाल-श्रीफळ द्यायचं होतं.

टाळ्यांचा कडकडाट नको. कानांवर हात ठेवून बसलेली मुलं उद्धट नसतात, त्यांना तो आवाज खरोखर सोसत नाही. दोन्ही हात वर करून पंजे हलवावेत. मान्यवरांची एक अख्खी रांग गंभीर चेहऱ्याने पंजे हलवते तेव्हा मुलांना फार मजा येते.

जाकिटाची बटणं लावून यावे.

ही सूचना एका ठरावीक गृहस्थांसाठी असून ते हे वाचत असतील अशी आशा आहे. बटण लावायला नुकतंच शिकलेलं मूल हे भेटेल त्याचं बटण लावत सुटतं. शर्टाचं, उशीच्या अभ्र्याचं, बाईंच्या पर्सचं. तर हे गृहस्थ जाकीट उघडं टाकून आले होते, कारण पोटावर ते मिटत नव्हतं. आमच्या चिरंजीवांनी समोर उकिडवं बसून, जीभ बाहेर काढून, खालच्या बटणापासून कामाला सुरुवात केली. पहिलं बसलं. दुसऱ्याला त्याने गृहस्थांच्या पोटावर थाप मारून ‘आत घ्या’ असं सांगितलं. शाळेत कपडे घालताना मी त्याला नेमकं हेच सांगते. त्यांनी घेतलं! सगळी बटणं लागेपर्यंत त्या माणसाने श्वास धरून ठेवला, आणि मग सबंध कार्यक्रमभर तो ताठ बसून राहिला. देणगी किती दिली ते विसरले. पण माझ्या नोंदवहीत त्या तारखेला ‘अनोळखी व्यक्तीच्या कपड्यावर कौशल्याचा वापर : स्वतंत्रपणे’ अशी नोंद आहे आणि ती मी कधीकधी उगाच काढून वाचते.

बाईंशी कसे बोलावे?

‘तुम्ही फार पुण्याचं काम करता’ असं म्हणू नये. हे काम पुण्याईने करता येत नाही. त्यासाठी विशेष शिक्षणाची पदविका किंवा पदवी लागते, १९९२ च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेत नाव नोंदवावं लागतं आणि ती नोंदणी वेळोवेळी नवीही करावी लागते. ‘तुमच्याकडे किती संयम आहे!’ हेही नको. तो संयम शाळेच्या मालकीचा असून मी तो साडेपाचला कपाटात ठेवून घरी जाते. गादीवर ओला टॉवेल टाकणाऱ्या माझ्या नवऱ्याला विचारा.

अक्रोड, ब्राह्मी, शंखपुष्पी आणि ओळखीतले बाबा सुचवू नयेत. ‘वेड बरं होतं का?’ हा प्रश्नही घरी ठेवून यावा. मनोविकार वेगळा, बौद्धिक अक्षमता वेगळी. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारच्या अक्षमता आहेत आणि या दोन्ही त्यात वेगवेगळ्या मोजल्या आहेत.

स्टाफरूममध्ये बसण्याचा प्रसंग आल्यास मन घट्ट करावे. तिथे डबे उघडताना कुणाला आज शी झाली, कुणी स्वतः सांगून गेलं, कुणी वाटेत केली, याचा सविस्तर आढावा चालू असतो आणि कुणाचा घास अडत नाही. ‘बाई, शू’ हे दोन शब्द वेळेत बोलल्याबद्दल पेढे वाटले जाणारी दुसरी जागा मला तरी ठाऊक नाही. पेढा पुढे आला तर कारण न विचारता घ्यावा.

कधी उठावे?

आमच्या वर्गाच्या भिंतीवर दिवसाचा तक्ता असतो. प्रार्थना, वाचन, डबा, खेळ, घर, अशी चित्रांची कार्डं वेल्क्रोने लावलेली असतात. एक काम झालं की मुलं ते कार्ड काढून खालच्या ‘झालं’ लिहिलेल्या पिशवीत टाकतात. पुढे काय होणार हे दिसत असलं की आमची मुलं निवांत असतात. पाहुण्यांमुळे तक्ता फार बिघडतो म्हणून आम्ही ‘पाहुणे’ हेही एक कार्ड केलंय. त्यावर चष्मा आणि हारतुरा काढलाय. तुमच्या गप्पा रंगात आलेल्या असताना एखादं मूल उठून भिंतीकडे जाईल, ते कार्ड काढेल, तुम्हाला दाखवेल आणि शांतपणे पिशवीत टाकेल. अशा वेळी चहा अर्धवट राहिला तरी उठावे. त्यानंतरचं कार्ड खेळाचं असतं.

आणि पुन्हा यायचं असेल, तर नवरात्रापासून शाळेत पणत्या, उटणं आणि कागदी पिशव्यांची विक्री सुरू होते. दयेपोटी घेऊ नये. पणत्या गळत नाहीत, गळणाऱ्या आम्ही पाण्यात ठेवून आधीच बाजूला काढतो. घासाघीस करू नये आणि ‘राहू दे सुट्टे’ म्हणून निघूनही जाऊ नये. गल्ल्यावर आमचीच एक मुलगी बसते. तिला सध्या दहाच्या नोटा मोजता येतात, म्हणून सगळ्या किमती दहाच्या पटीत आहेत. वेळ लागेल. रांगेत थांबावे.