तेच्यात काय मोठा!

वालावलचे आमचे तात्या कशानेच चकित होत नाहीत. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी रेडिओवर आली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, 'तेच्यात काय मोठा? परत इलो काय माका सांग.'

यंदा गणपतीला पुतण्या पुण्याहून आला. तो तिथल्या आयसर या विज्ञानसंस्थेत अणू थंड करतो. तात्या खळ्यात बशीत चहा ओतून फुंकर मारत बसले होते.

'किती थंड?'

पुतण्या म्हणाला, उणे २७३ अंशांच्या तळापासून एका अंशाचा कोट्यंश वर.

'फ्रीज खयच्या कंपनीचो?'

फ्रीज नाही, लेझर. अणूचं धावणं म्हणजेच त्याची उष्णता. समोरून लेझरचा मारा केला की तो मंदावतो. मग शेवटी तुमच्या बशीचीच युक्ती: तापट अणूंना पळून जाऊ द्यायचं, उरतात ते थंड.

'तेच्यात काय मोठा? आमच्या गावात ह्या कधीच झाला. तापट होते ते मुंबयक गेले, गाव थंड झालो.'

पुतण्या हटला नाही. १९२४ साली सत्येंद्रनाथ बोसांनी ढाक्याहून आइनस्टाइनला लेख पाठवला. त्यावरून आइनस्टाइनने ताडलं की पुरेशा थंडीत अणू आपलं वेगळेपण सोडतील आणि सगळे मिळून एकच लाट होतील. १९९५ साली अमेरिकेत बोल्डरला रुबिडियमचे अणू तसे वागले आणि ते घडवणाऱ्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं.

तात्यांनी बशी खाली ठेवली. 'पालखी खयसून न्हेवची ह्येच्यार चार जणांचा एकमत जायना, आणि तुझे अणू एका तालार नाचतत?'

तात्या चकित होण्याच्या बेतात होते. पुतण्याने तेवढ्यात सॉलिटॉन काढला, म्हणजे आकार न मोडता धावणारी एकटी लाट. १८३४ साली एडिनबर्गजवळच्या कालव्यात एक होडी अचानक थांबली, पण तिच्यापुढचा पाण्याचा उंचवटा आकार न मोडता तसाच पुढे निघाला. स्कॉट रसेल नावाचा इंजिनियर घोड्यावरून मैलभर त्याच्यामागे गेला. २००२ मध्ये टेक्सास आणि पॅरिसमध्ये तसाच उंचवटा लिथियमच्या थंड अणूंचा केला. अणूंना एकमेकांची ओढ असते, म्हणून तो पसरत नाही. मात्र अणू फार जमले तर त्याच ओढीने आत कोसळतो.

'एकत्र कुटुंबाचा असाच जाता.'

आणि दोन सॉलिटॉन आदळले, तरी दोघेही मूळ आकारातच पलीकडे निघतात!

'घोड्यार बसान पाणी बघूक गेलो? तेच्यात काय मोठा?' तात्यांनी बशी उचलली. जवळजवळ दोनशे वर्षांचं भौतिकशास्त्र येऊन आदळलं होतं आणि तात्या होते त्याच आकारात पलीकडे निघाले होते.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीनारायणाच्या तळ्याकाठी मात्र ते चौघांना थांबवून सांगत होते, 'आमच्या पुतण्यान तापट अणू मुंबयक धाडल्यान.'

कौतुक करायची मालवणी रीत ही अशी.