दार कुणाचं, कडी कुणाची

उत्तर प्रदेशातल्या खरक सिंगला 1941 साली दरोड्याच्या प्रकरणात पोलिसांनी धरलं आणि पुरावा नाही म्हणून सोडलं. पुरावा नसला तरी संशय शिल्लक होता. मग पोलिसांच्या दप्तरात त्याच्या नावाने हिस्ट्रीशीट उघडलं गेलं आणि रात्री-अपरात्री दार बडवून तो घरी आहे की नाही याची हजेरी सुरू झाली. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या. बाहेरून पाळत ठेवायला मात्र हरकत घेतली नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे निःसंदिग्धपणे मान्य व्हायला 2017 उजाडावं लागलं. 55 वर्षांत कितीतरी हवालदार पेन्शनीत निघाले असतील.

कायदा तसा सरळ आहे. दखलपात्र गुन्हा घडत असेल तर कंपाउंडची भिंत पोलिसांना अडवत नाही. ज्याला अटक करायची तो घरात लपला असेल तर आधी दार उघडायला सांगायचं, नाहीच उघडलं तर फोडायचं. हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 44. त्यात एक गोड तरतूद आहे: आत गेलेल्या पोलिसाला घरच्यांनी कोंडलं तर सुटकेसाठीही त्याला दार फोडता येतं. 1898 च्या संहितेतही ती होती. कुठल्या फौजदाराला कुणी कोंडलं होतं, हे एकदा शोधायला हवं. झडतीला मात्र लेखी कारण लागतं, पंच लागतात, आणि जुलै 2024 पासून चित्रीकरणही.

पण खासगी म्हणजे कुठलं, हे कलमापेक्षा लहरीवर ठरतं. ऑगस्ट 2015 मध्ये मुंबईत मढ-आक्सा भागातल्या हॉटेलांवर आणि लॉजवर छापे पडले. चाळीसेक जोडपी उचलली गेली आणि अनेकांवर पोलीस अधिनियमाचं कलम 110 लागलं: सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. कुठे, तर भाडं भरून घेतलेल्या बंद खोलीत! ती सार्वजनिक कशी झाली? सोपं आहे. पोलीस आत शिरले, चारचौघं जमली, झाली सार्वजनिक. पुढे ओरड झाली तेव्हा आयुक्तांना चौकशी लावावी लागली.

आता उलटा अनुभव घ्या. सोसायटीच्या आवारात तुमच्या गाडीमागे कुणी आपली गाडी आडवी लावून गायब झालाय. पोलिसांना फोन केला की उत्तर येतं, "साहेब, ती प्रायव्हेट जागा. सेक्रेटरीशी बोला, आपसांत मिटवा." जिथे गेटवर डिलिव्हरीवाल्यांची रांग असते, वॉचमनला निम्मे भाडेकरू ओळखू येत नाहीत, तिथे पोलिसांना एकदम मालमत्तेच्या पावित्र्याची आठवण होते. त्या आडव्या गाडीत एक जोडपं बसलंय, एवढंच फोनवर म्हणून बघा. बीट मार्शल वॉचमनच्या वहीत सही करायलासुद्धा थांबणार नाहीत.