टोल माफ, रस्ता बंद

महाराष्ट्र सरकारने २०२५च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात सढळ हाताने टोल माफ केला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तिन्ही ठिकाणी विजेवर चालणाऱ्या मोटारी आणि बस फुकट जाणार. बातमी वाचून इलेक्ट्रिक स्कूटरवाल्याची छाती फुगली. आपल्या पंथाची सरकारदरबारी कदर आहे, हे त्याने चहाच्या टपरीवर चौघांना ऐकवलंसुद्धा. चौघांपैकी एकाने एवढंच विचारलं, “पण या रस्त्यांवर दुचाकीला जाऊ देतात का?”

देत नाहीत. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जावं, तर तिथे दुचाकीला टोल मुळातच नव्हता. म्हणजे जिथे टोल आहे तिथे स्कूटरवाल्याला प्रवेश नाही आणि जिथे प्रवेश आहे तिथे टोल नाही. मंत्रालयात एखादी फाइल इतकी स्वच्छ निकाली निघाल्याचं दुसरं उदाहरण सापडायचं नाही.

देशात विकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रिक वाहनांत भरणा दुचाकी आणि तीनचाकींचा आहे. मंत्र्यांच्या भाषणात जो आकडा दरवर्षी वर चढतो, तो त्यांच्या जिवावर. जाहिरातीच्या फोटोत मात्र मोटार उभी असते, मागे पवनचक्की आणि पुढे हिरवळ. मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात ३० लाखांहून महाग इलेक्ट्रिक मोटारींवर ६ टक्के कर सुचवला गेला होता. त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत तो मागे घेत असल्याचं जाहीर केलं. तीस लाखांची मोटार घेणाऱ्याची पर्यावरणावरची श्रद्धा डळमळू नये, ही काळजी रास्तच आहे. स्कूटरवाल्याची श्रद्धा डळमळायची भीती नाही. त्याचे हप्ते चालू आहेत.

हा माणूस गाडी घेतो ती प्रेमाने नव्हे, हिशेबाने. रोज ३० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे वर्षाला ९ हजार किलोमीटर. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ देते असं धरलं तर २०० लिटर, आणि पेट्रोल शंभरीच्या वर, म्हणजे वीस हजारांहून जास्त. विजेवर तेवढंच अंतर साडेतीनशे-पावणेचारशे युनिटांत होतं आणि खर्च चार हजारांच्या आत राहतो. गणित बरोबर आहे. त्यात कुणालाच चूक काढता येत नाही आणि दुर्दैवाने ते ऐकणंही टाळता येत नाही. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, दाताच्या दवाखान्यात तो ते सांगतो.

गणितात गिझर मात्र धरलेला नसतो. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, आणि ३०० युनिटांच्या उंबरठ्यावर बसलेल्या घरात स्कूटरचे महिन्याचे तीसेक युनिट आले की वरची युनिटं महाग दराची होतात. मग बिलाची चौकशी बसते. आरोपीच्या पिंजऱ्यात स्कूटर कधीच नसते. गिझर असतो, इस्त्री असते, बाथरूममध्ये वीस मिनिटं घालवणारा मुलगा असतो. निकाल लागतो आणि घर कोमट पाण्याने आंघोळ करू लागतं.

दुसरं गणित रेंजचं. त्यासाठी थेट वेताळ टेकडीवर जायला हवं. वाहनांच्या चाचण्या घेऊन त्यांना प्रमाणपत्र देणारी एआरएआय ही संस्था तिथे, कोथरूडच्या डोक्यावर आहे. प्रयोगशाळेत गाडीचं चाक रुळांवर फिरतं. वेग किती वेळ किती ठेवायचा, कधी थांबायचं, सगळं आधी ठरलेलं असतं. त्यात चढ नाही, खड्डा नाही, समोरून उलट्या दिशेने येणारा टेम्पो नाही. म्हणजे गाडी टेकडीवर नेतात आणि तिथे सपाटीवर पळवतात. यात फसवणूक काहीच नाही. सगळ्या गाड्यांना एकच कसोटी लावली तरच त्यांची तुलना होते. फक्त त्या कसोटीत बसणारा रस्ता पुण्यात महापालिकेने अजून बांधलेला नाही.

टेकडीवरून खाली उतरलं की चांदणी चौकाचा चढ लागतो, मागच्या सीटवर पत्नी असते, पायाशी दळणाचा डबा असतो, आणि कागदावरचे १२० किलोमीटर ऐंशी-नव्वदवर येतात. आता कंपन्याही शहाण्या झाल्या आहेत. काहींच्या पत्रकात प्रमाणित रेंज आणि खरी रेंज असे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात. ग्राहक पहिला आकडा सासऱ्यांना सांगतो आणि दुसऱ्यावर ऑफिसला जातो.

त्याची नजर आता रस्त्यावर नसते, टक्क्यांवर असते. सकाळी ८१ असतात तेव्हा तो उदार असतो. कुणालाही स्वारगेटपर्यंत सोडतो. चाळिसाला तो विचारी होतो. पंचविसाला इको मोड येतो आणि टिळक रस्त्यावर त्याला मागे टाकणाऱ्या सायकलवाल्याकडे तो ओळख नसल्यासारखं बघतो. बारा टक्के उरले की नात्यांची फेरतपासणी होते. कात्रजची आत्या प्रेमळ आहे, पण वारज्याच्या मावशीच्या पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा सॉकेट आहे.

टक्के असे वागतात याला रसायनशास्त्र जबाबदार आहे. लिथियम-आयन बॅटरीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात फारसा हलत नाही आणि शेवटी झपकन घसरतो. त्यामुळे आत किती वीज उरली आहे हे कुठलीही यंत्रणा मोजण्याइतकंच अंदाजाने सांगते. पेट्रोलच्या स्कूटरचा काटाही अंदाजच सांगायचा, पण काटा मोडका आहे हे सगळ्या घराला माहीत असे. शिवाय रिझर्व्ह लागलं की गाडी आडवी करून, टाकीशी बोलून दोन किलोमीटर निघत. बॅटरीशी बोलायला ॲप लागतं.

वाटेत चार्जिंग स्टेशन नाहीत असं कुणी म्हणू नये. मॉलच्या तळघरात आहेत, हायवेवरच्या बड्या हॉटेलांबाहेर आहेत. तिथे जाडजूड केबल लटकत असते आणि तिच्या टोकाचा प्लग मोटारीचा असतो. स्कूटरला तो बसत नाही आणि एका कंपनीच्या स्कूटरचा चार्जर दुसरीला बसेलच असं नाही. हलक्या वाहनांसाठी एक भारतीय मानक २०२३मध्ये आलं. मानक आलं म्हणून सगळे ते वापरतील, असं समजणाऱ्याने मोबाइलच्या चार्जरचा इतिहास आठवावा.

चार्जरवरून आठवलं. केंद्राच्या फेम-२ योजनेत दीड लाखापेक्षा जास्त कारखाना-किमतीच्या दुचाकीला अनुदान नव्हतं. तेव्हा काही नामांकित कंपन्यांनी चार्जर आणि सॉफ्टवेअर यांचे पैसे वेगळे लावले आणि गाडीची किंमत मर्यादेत ठेवली. चार्जरविना इलेक्ट्रिक गाडी म्हणजे नक्की काय, हा प्रश्न सरकारला २०२३मध्ये पडला आणि कंपन्यांना ग्राहकांचे चार्जरचे पैसे परत करावे लागले. पुढे अनुदानच आटत गेलं. जून २०२१मध्ये ते दर किलोवॉट-तासाला १५ हजार होतं, जून २०२३मध्ये १० हजार झालं, २०२४मध्ये ५ हजारांवर आलं आणि पुढच्या टप्प्यात अडीच हजारांवर. स्कूटरच्या बॅटरीपेक्षा अनुदान लवकर उतरलं.

बाहेर चार्जिंग नाही, मग घरी. पण पार्किंगमधला सॉकेट सोसायटीचा आणि सोसायटी म्हणजे समिती. समितीचा पहिला आक्षेप आगीचा. तो अगदीच हवेतला नाही. मार्च २०२२मध्ये लोहगाव भागात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या स्कूटरने पेट घेतला आणि तो व्हिडिओ देशभर फिरला. एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमधल्या २० स्कूटर जळाल्या. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले आणि डिसेंबर २०२२पासून लागूही झाले. समितीच्या मोबाइलवर व्हिडिओ पोहोचला, नियम पोहोचला नाही. खाली पन्नास गाड्यांच्या टाक्यांत पेट्रोल भरलेलं असतं आणि त्यांच्या मधोमध उभं राहून अध्यक्ष सिगारेट पेटवतात, त्याला हरकत नाही. ते पूर्वापार चालत आलं आहे.

दुसरा आक्षेप विजेचा: सार्वजनिक मीटरवर खासगी स्कूटर का? स्कूटरवाला स्वतःचा मीटर जोडून घ्यायला तयार असतो. मग तिसरा आक्षेप येतो, की वायर भिंतीवरून गेली तर नव्या रंगाचं काय. तीन सर्वसाधारण सभा होतात. तोवर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक पिवळी वायर रात्री अकराला खाली उतरते आणि पहाटे पाचला वर जाते. बॅटरी काढता येत असेल तर दहा-बारा किलोचं ते बाळ कडेवर घेऊन तो लिफ्टमधून घरी येतो. आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार असेल, तर बुधवारची रात्र ठरवून जागायची.

गाडी बिघडली की खरी परीक्षा. पेट्रोलच्या काळात कोपऱ्यावरचा मेकॅनिक कान लावून आजार सांगायचा. “टॅपेट वाजतायत,” म्हणायचा, दोनशे रुपये घ्यायचा आणि आवाज बदलून द्यायचा. इथे आवाजच नाही. इंजिन ऑइल नाही, कार्ब्युरेटर नाही, पीयूसीही लागत नाही. मेकॅनिक गाडीभोवती एक फेरी मारतो आणि हवा भरून देतो. उरतो तो पंक्चरवाला. ऊर्जा कुठलीही असो, खिळा तोच आहे.

बाकी सगळं सर्व्हिस सेंटरच्या हाती. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या एका वर्षात एकाच मोठ्या कंपनीविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १०,६४४ तक्रारी आल्या. पण सर्वांत चोख तक्रार परळीची. एप्रिल २०२२मध्ये तिथल्या एका ग्राहकाने, नवी स्कूटर बंद पडली आणि कंपनी दाद देईना म्हणून, ती गाढवाला बांधून गावातून वरात काढली. हे घडलं ते औष्णिक वीज केंद्राच्या गावात. २०१५च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्र पूर्ण बंद ठेवावं लागलं होतं. त्या वरातीतल्या गाढवाला ना ॲप लागलं ना अपडेट.

अपडेट हा प्रकार वेगळाच. रात्री स्कूटर शहाणी होते आणि सकाळी नवा आवाज, नवा रंग, नवी खूण दाखवते. मालकाला नऊची पंच मारायची असते आणि गाडीला सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवायची असते. कंपनीची वेळ महत्त्वाची असल्याने मालक थांबतो.

ज्याला हे सगळं नको त्याच्यासाठी कायद्याने एक पळवाट ठेवली आहे. २५० वॉटच्या आत मोटर, ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग; मग ना नोंदणी, ना लायसन्स. या वर्गात बसवून विकलेल्या अनेक गाड्यांचा वेग दुकानातच वाढवून दिला जात असल्याचं दिसल्यावर परिवहन विभागाने २०२२मध्ये मोहीम उघडली. लक्ष्मी रस्त्यावर ताशी २५चा वेग गाठणं हेच बेकायदा वाटावं, ही गोष्ट वेगळी.

आणि तरी स्कूटरवाला सुखात असतो. सिग्नलला गाडी गुरगुरत नाही, पाय भाजत नाहीत, पंपावर ‘झिरो बघा’ म्हणणाऱ्या माणसाचं तोंड बघावं लागत नाही. मागून आवाज न करता येऊन त्याने सदाशिव पेठेतल्या अर्ध्या ज्येष्ठ नागरिकांना दचकवलं आहे. धूर सोडत नाही, याचा त्याला फार अभिमान. धूर निघतो तो चंद्रपूरला. तिथल्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे आणि ते कोळशावर चालतं. इलेक्ट्रिक मोटर पेट्रोलच्या इंजिनापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा वाया घालवते, हे खरं. तेव्हा पुणेकराने स्वच्छ हवेचा आनंद घ्यावा. चंद्रपूरकराने स्कूटर घेतली तर त्याला गाडीही मिळते आणि धूरही घरपोच राहतो.

गेल्या दिवाळीत अशाच एका सोसायटीच्या अध्यक्षांनी इलेक्ट्रिक मोटार घेतली. पुढच्या रविवारी तातडीची सभा झाली. पर्यावरणाचं रक्षण ही काळाची गरज आहे, असं इतिवृत्तात नमूद करून अध्यक्षांच्या पार्किंगमध्ये सामायिक निधीतून चार्जर बसवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. भिंतीच्या रंगाचा विषय निघाला नाही. अध्यक्ष आता दर शनिवारी टोल न भरता लोणावळ्याला जाऊन येतात. स्कूटरवाल्यांनी आपले अर्ज विहित नमुन्यात, तीन प्रतींत, सचिवांकडे द्यावेत, अशी सूचना लिफ्टशेजारी लावली आहे. नमुना अजून छापून आलेला नाही.